फ्वा ग्रा: कोणतं घ्यावं, घरी कसं शिजवावं आणि ते तयार कसं होतं?

तुलूजवासी

नमस्कार मंडळी. २४ डिसेंबरला फ्रेंच शेजाऱ्यांकडे जेवण आहे आणि फ्वा ग्रा, म्हणजे मुद्दाम चारून चरबीने फुगवलेलं बदकाचं किंवा हंसाचं यकृत, आणायचं आमच्याकडे आलं आहे. दुकानात एकाच फळीवर 'आंतिए', 'ब्लॉक', 'पारफे', 'मी-क्वी' अशा नावांचे डबे दिसतात आणि किमतीत दुप्पट-तिप्पट फरक आहे. शेजारच्या फ्रीजमध्ये कच्चं अख्खं यकृतही मिळतं, ते किलोमागे बरंच स्वस्त पडतं. तर:

नावांतला फरक नेमका काय? कच्चं आणून घरी टेरीन (भांड्यात दाबून मंद शिजवायचं आणि थंड करून काप करायचे) करायचं तर अर्धं यकृत वितळून तेल होतं म्हणतात, ते कसं टाळायचं? पाहुण्यांत एक गर्भवती आहे आणि एका आजोबांना गाऊट (युरिक आम्लाने सांधे सुजण्याचा विकार) आहे, त्यांना चालेल का? पक्ष्यांना नळीने चारतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आणि जानेवारीत पुण्याला जाताना एखादा डबा नेता येईल का?

सायली_बोर्दो

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नेऊ नका. भारताच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने जुलै २०१४ मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली. विमानतळावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर मांसाच्या पदार्थांबद्दल वेगळा प्रश्नही असतो.

आता नावं. ही कंपन्यांनी ठेवलेली नाहीत. १९९३ च्या फ्रेंच सरकारी आदेशाने ती ठरवून दिली आहेत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबायला हरकत नाही. 'फ्वा ग्रा आंतिए' म्हणजे अख्खं यकृत किंवा त्याचे लोब, वर फक्त मीठ-मिरी आणि थोडी दारू. नुसतं 'फ्वा ग्रा' लिहिलेलं असेल तर वेगवेगळ्या यकृतांचे तुकडे दाबून एकत्र बसवलेले असतात. 'ब्लॉक'मध्ये यकृत थोड्या पाण्याबरोबर घोटून एकजीव करतात. 'अवेक मोर्सो' म्हटलं असेल तर त्या ब्लॉकमध्ये तुकडेही हवेत, बदकाच्या मालात किमान ३० टक्के आणि हंसाच्या मालात ५० टक्के. 'पारफे'त ७५ टक्के फ्वा ग्रा असलं की पुरतं, 'मूस' आणि 'पाते' (वाटून केलेले मऊ प्रकार) यांना ५० टक्केही चालतं. कापल्यावर यकृताचा पोत दिसायला हवा असेल तर आंतिएच घ्या. ब्रेडच्या छोट्या तुकड्यांवर लावून द्यायचं असेल तर ब्लॉक छान लागतो, तिथे आंतिएचे पैसे घालवू नका.

'मी-क्वी' आणि 'कॉन्सर्व' हे शब्द दर्जाचे नाहीत, शिजवण्याचे आहेत. मी-क्वी १०० अंशांच्या खाली शिजवलेलं असतं, ते फ्रीजमध्येच ठेवावं लागतं आणि चव त्याचीच सर्वांत चांगली. कॉन्सर्व १०० अंशांच्या वर निर्जंतुक केलेलं, कपाटात काही वर्षं टिकतं.

'कनार' म्हणजे बदक, 'वा' म्हणजे हंस. बदकाचं चवीला ठसठशीत, हंसाचं सौम्य आणि महाग. फ्रान्समध्ये बहुतेक माल बदकाचाच असतो, हंसाचा बराचसा हंगेरीतून येतो. 'फ्रान्समध्ये प्रक्रिया केलेलं' एवढंच छापलं असेल तर पक्षी दुसऱ्या देशातला असू शकतो. नैर्ऋत्य फ्रान्सचं आयजीपी (मूळ प्रदेशाची हमी देणारं) चिन्ह असेल तर पक्षी वाढवण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं त्या भागातच झालेलं असतं. तुम्ही तुलूजला आहात, तेव्हा जमल्यास सोमवारी जेर जिल्ह्यातल्या सामातानच्या बाजारात जा. तिथे कच्चं यकृत हाताने चाचपून घेता येतं, आणि टेरीनसाठी ते फार महत्त्वाचं आहे.

बल्लव

सायलीताईंचा शेवटचा मुद्दा उचलतो, कारण निम्मं टेरीन खरेदीतच बिघडतं. या यकृतात वजनाच्या निम्म्याच्या आसपास चरबी असते. पेशींनी ती धरून ठेवली तर टेरीन होतं, सोडली तर तेल.

४५० ते ५५० ग्रॅमचं यकृत घ्या. ६५०-७०० ग्रॅमचं मोठं यकृत दिसायला भारी, पण त्यात चरबी जास्त आणि पेशींची पकड कमी, म्हणून ते जास्त वितळतं. रंग सगळीकडे सारखा, फिकट बदामी ते पिवळसर असावा. अंगठ्याने हलकं दाबल्यावर ठसा उमटून राहिला पाहिजे. दगडासारखं कडक असेल तर ते नीट भरलेलं नाही आणि शिजल्यावर कोरडं, दाणेदार लागेल. लोण्यासारखं बोटाला तेलकट लागत असेल तर भांड्यात उरणारच नाही. हिरवा डाग म्हणजे पित्त लागलेलं. तेवढा भाग सढळ हाताने कापून टाका, नाहीतर सगळं कडू होईल.

५०० ग्रॅमला प्रमाण: मीठ ६ ते ७ ग्रॅम, पांढरी मिरी दीड ग्रॅम, साखर अर्धा ग्रॅम, आर्मान्याक (फ्रेंच ब्रँडी) किंवा पोर्ट (गोड वाइन) १० ते १५ मिली. मीठ वजन काट्यावर मोजा, चमच्याने नको. हा पदार्थ थंड खायचा असतो आणि थंडपणी मीठ कमी जाणवतं, म्हणून अंदाजाने घातलेलं मीठ बहुतेक वेळा चुकतं.

यकृत फ्रीजमधून काढून पाऊण ते एक तास बाहेर ठेवा. थंडगार असताना शिरा काढायला गेलात तर त्याचे तुकडे पडतात, फार ऊबदार झालं तर हातात लोणी होतं. वाकवल्यावर न तुटता वाकलं की वेळ झाली. मोठा आणि लहान लोब हाताने वेगळे करा. दोन्ही जिथे जुळतात तिथेच मुख्य शीर सापडते. आतल्या बाजूने लांब चीर देऊन, चमच्याच्या दांड्याने मांस बाजूला सारत शिरेच्या मागे मागे जा. ती पुढे दोन फाट्यांत जाते. ओढून काढू नका, खालून उचलत या. त्याखाली थोडं खोल शिरांचं दुसरं जाळं असतं, ते विसरलं तर कापावर लाल ठिपके दिसतात. केसासारख्या बारीक शिरा राहिल्या तरी चालतील, त्यांच्यासाठी यकृताचा चुरा करू नका.

मीठ-मसाला आतल्या बाजूंना लावा, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी टेरीनच्या भांड्यात गुळगुळीत बाजू खाली आणि वर येईल असं दाबून भरा. मधे हवा राहिली तर तिथे यकृत राखाडी पडतं. ओव्हन १०० अंशांवर. भांडं ज्या पाण्यात ठेवायचं ते ७० अंशांचं, भांड्याच्या निम्म्याच्या वर. साधारण ३५ ते ४५ मिनिटं लागतात, पण घड्याळावर जाऊ नका, थर्मामीटर मध्यभागी खुपसून बघा. ५५ अंशांना बाहेर काढा, पुढे ते आपोआप दोन-तीन अंश चढतं. पाणी उकळू लागलं की खेळ संपला: कडेच्या पेशी फुटतात आणि मधलं शिजेपर्यंत बाहेरचं तेल होऊन जातं.

वर थोडी पिवळी चरबी येईल, ती ओतून बाजूला ठेवा. दहा-पंधरा टक्के वजन घटणं ठीक आहे. तिसरा हिस्सा गेला तर उष्णता तरी जास्त झाली किंवा यकृत तरी चुकीचं होतं. फॉइलमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा वर ठेवून त्यावर ३०० ते ५०० ग्रॅम वजन द्या, फ्रीजमध्ये दोन-तीन तास. मग वजन काढून बाजूला ठेवलेली चरबी पातळ करून वर ओता. तो थर हवा लागू देत नाही. यानंतर निदान दोन दिवस हात लावू नका. त्याच दिवशी कापलेल्या टेरीनमध्ये मीठ एकीकडे आणि दारूचा वास दुसरीकडे लागतो. म्हणजे तुम्ही २१ तारखेला मसाला लावा आणि २२ ला सकाळीच शिजवा.

तव्यावर करायचं असेल तर गोष्ट उलटी. फ्रीजमधून काढून थेट दीड ते दोन सेंटिमीटर जाड काप करा, कोरडा तवा धूर येईपर्यंत तापवा, तेल नको, प्रत्येक बाजूला ४५ ते ६० सेकंद. काप पातळ असेल, तवा कोमट असेल किंवा एकदम चार-पाच काप टाकून तवा गार केला असेल तर बाहेर कवच धरायच्या आतच सगळं वितळतं. तव्यातली चरबी टाकू नका, बटाटे परतायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

पशुवैद्य_सातारा

उत्पादनाबद्दल. बदकांत जवळजवळ सगळीकडे 'म्युलार' हा संकर वापरतात. त्यात मस्कोव्ही जातीचा नर आणि पेकिन प्रकारची मादी असते आणि पिल्लं वांझ निघतात. त्यातही नरच ठेवतात, कारण मादीचं यकृत लहान आणि शिरांनी भरलेलं असतं. मादी पिल्लांचं काय करायचं हा या धंद्याचा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे.

पहिले काही आठवडे पिल्लं ऊबदार शेडमध्ये, नंतर सुमारे बारा आठवड्यांची होईपर्यंत बाहेर मोकळी. शेवटी खाणं मोजून आणि ठरावीक वेळीच देतात. भुकेला पक्षी थोड्या वेळात भरपूर गिळतो, त्याने अन्ननलिका सैलावते. बदकाला कोंबडीसारखी खरी गलपिशवी नसते, अन्ननलिकेचा खालचा भागच ताणून अन्न साठवतो. मग गावाज, म्हणजे नळीने चारणं: बदकाला दिवसातून दोनदा, १० ते १४ दिवस. हंसाला जास्त दिवस आणि दिवसातून अधिक वेळा. नळी चोचीतून अन्ननलिकेत घालून मक्याचा ओला भरडा किंवा शिजवलेले दाणे सोडतात. जुन्या पद्धतीत फिरत्या स्क्रूने एका पक्ष्याला ४५ ते ६० सेकंद लागत, आताच्या हवेच्या दाबाच्या पंपाने दोन-तीन सेकंदांत काम होतं. मात्रा रोज थोडी वाढवत नेतात.

मकाच का, हे समजण्यासारखं आहे. पक्ष्यांत चरबी मुख्यतः यकृतातच तयार होते. मक्याचा स्टार्च तिथे चरबीत बदलतो. ती रक्तात सोडायची तर प्रथिनांचं वेष्टण लागतं, आणि मक्यात प्रथिनं कमी. त्यामुळे माल तयार होत राहतो पण बाहेर पाठवता येत नाही, तिथेच साठतो. साधारण ८० ग्रॅमचं यकृत ५०० ते ७०० ग्रॅमचं होतं. युरोपीय नियमानुसार बदकाचं यकृत किमान ३०० ग्रॅम आणि हंसाचं ४०० ग्रॅम भरलं तरच त्याला फ्वा ग्रा म्हणता येतं.

उत्पादक म्हणतात, हंस-बदकं स्थलांतरापूर्वी स्वतःच यकृतात चरबी साठवतात. क्षमता नैसर्गिक आहे हे बरोबर, आणि चारणं थांबवलं तर यकृत पूर्ववत होऊ शकतं हेही खरं. पण कोणताही पक्षी आपणहून या थराला जात नाही, आणि मस्कोव्ही तर फारसं स्थलांतर करणारं बदकही नाही. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने डिसेंबर १९९८ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की सध्याच्या पद्धतीने बळजबरीने चारणं पक्ष्यांच्या कल्याणाला बाधक आहे. गावाजच्या काळात मृत्युदर २ ते ४ टक्के, तर त्याच वयाच्या तशाच बदकांत सुमारे ०.२ टक्के, असा फरक त्यात नोंदवला आहे. वाढलेल्या यकृताने पोट फुगतं, पाय फाकतात, पक्षी धापा टाकतो, उष्णता बाहेर टाकता येत नाही. नळी घाईने घातली तर अन्ननलिकेला जखम होते आणि तिथे संसर्ग होतो. एका पक्ष्याचा स्वतंत्र पिंजरा युरोपात आता बंद झाला आहे, गटाने ठेवतात. ही सुधारणा खरी आहे, पण नळी तीच आहे.

किमतीमागे बर्ड फ्लूही आहे. २०२१-२२ च्या साथीत फ्रान्समध्ये दोन कोटींहून जास्त पक्षी मारावे लागले आणि नैर्ऋत्य भागाला मोठा फटका बसला. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे बदकांना लस देणं सक्तीचं आहे.

नीलेश_कॅलिफोर्निया

डॉक्टर, हे सगळं माहीत असताना आपण खरेदीच्या टिपा द्याव्यात का, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये याच्यावर बंदी घालणारा कायदा केला, तो २०१२ पासून लागू झाला, आणि बऱ्याच कोर्टबाजीनंतर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. इस्रायलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालानंतर उत्पादनच थांबलं, आणि तो तेव्हा मोठा उत्पादक देश होता. ब्रिटनमध्ये उत्पादन करता येत नाही, आयात मात्र चालू आहे, जे मला पटत नाही. नळीशिवाय काही मार्ग आहे का?

पशुवैद्य_सातारा

नीलेश, प्रश्न रास्त आहे. माझं मत: माहिती पूर्ण द्यावी आणि ताटात काय घ्यायचं ते ज्याने त्याने डोळे उघडे ठेवून ठरवावं. मी स्वतः हे खाण्याची शिफारस करणार नाही.

मार्ग आहेत, पण छोटे. स्पेनच्या एक्स्ट्रेमादुरामध्ये एदुआर्दो सौसा यांच्या शेतावर हंस मोकळे चरतात, शरद ऋतूत ओकची फळं आणि ऑलिव्ह आपणहून भरपूर खातात आणि वर्षातून एकदाच कत्तल होते. २००६ मध्ये पॅरिसच्या सियाल या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला, तेव्हा फ्रान्समध्ये बराच वाद झाला. फ्रेंच कायद्याच्या व्याख्येतच गावाज आहे, त्यामुळे तिथे याला फ्वा ग्रा म्हणता येत नाही. दुसरा मार्ग प्रयोगशाळेतला: २०२५ मध्ये जर्मनीतल्या माइन्त्सच्या माक्स प्लांक संस्थेतल्या थॉमस फिल्गिस यांच्या गटाने साध्या बदकाच्या यकृतात लायपेज या चरबी तोडणाऱ्या विकराने प्रक्रिया केलेली बदकाचीच चरबी मिसळली. विकरामुळे चरबीचे स्फटिक खऱ्यासारखे मोठे आणि विस्कळित बनतात, आणि तोंडात विरघळण्याचा तो गुण बराचसा त्यांच्यामुळे येतो.

मीनल_आहारतज्ज्ञ

पोषणाबद्दल. हे 'लिव्हर' म्हणून पौष्टिक समजू नका, चरबीचा पदार्थ म्हणूनच मोजा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात डबाबंद फ्वा ग्राच्या पातेचे १०० ग्रॅमचे आकडे असे आहेत: ४६२ कॅलरी, चरबी सुमारे ४४ ग्रॅम, प्रथिनं ११ ग्रॅम, लोह ५.५ मिलिग्रॅम, अ जीवनसत्त्व सुमारे १००० मायक्रोग्रॅम, सोडियम जवळजवळ ७०० मिलिग्रॅम. साध्या कच्च्या बदकाच्या यकृतात मात्र १३६ कॅलरी, चरबी ४.६ ग्रॅम, प्रथिनं जवळपास १९ ग्रॅम, लोह ३० मिलिग्रॅम आणि अ जीवनसत्त्व १२,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास. चरबीने यकृत फुगलं आणि बाकी सगळं विरळ झालं, एवढाच त्याचा अर्थ. रक्त वाढवायला म्हणून कोणी हे खात असेल तर साधी कोंबडीची कलेजी कितीतरी सरस आणि स्वस्त.

चरबीत जवळजवळ ६० टक्के वाटा एकअसंतृप्त, मुख्यतः ओलिक आम्ल, जे ऑलिव्ह तेलातही असतं. यावरून 'हृदयाला चांगलं' असा प्रचार होतो. तो मी मान्य करत नाही, कारण त्याच १०० ग्रॅममध्ये १४ ग्रॅम संतृप्त चरबीही आहे. ४०-५० ग्रॅमचा काप सणाला खाल्ला तर निरोगी माणसाला काही होत नाही. ५० ग्रॅम म्हणजे सुमारे २३० कॅलरी, वर ब्रिओश (लोणी घातलेला गोडसर पाव) आणि अंजिराचा जॅम वेगळा.

'पक्ष्याचं फॅटी लिव्हर खाऊन आपल्याला फॅटी लिव्हर होतं का?' असं बरेच जण विचारतात. तसं थेट होत नाही. ते होतं एकूण जादा कॅलरी, साखर आणि दारूने. ज्यांना आधीच ते आहे त्यांनी मात्र फ्वा ग्रा आणि बरोबरची गोड वाइन दोन्ही टाळावं. २००७ मध्ये एका संशोधनात फ्वा ग्रातल्या अमायलॉइड प्रथिनाने मुद्दाम संवेदनशील केलेल्या उंदरांत अमायलॉइडचा आजार (हे प्रथिन अवयवांत साठत जाणं) लवकर दिसला. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण संधिवाताचा दीर्घकाळचा दाह असणाऱ्यांनी नेहमी खाऊ नये असं मी सांगते.

गर्भवती पाहुणीला देऊ नका. मी-क्वी आणि घरचं टेरीन यांत लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो, कारण ५५-५८ अंशांना तो जंतू खात्रीने मरत नाही. कॉन्सर्वमध्ये लिस्टेरिया नसतो, पण यकृतातलं अ जीवनसत्त्व राहतंच, म्हणून गरोदरपणी यकृताचे सगळेच पदार्थ टाळायला सांगतात. आजोबांच्या गाऊटला यकृत नकोच, त्यात प्युरीन असतं, ज्यापासून शरीरात युरिक आम्ल बनतं, आणि सोबत दारू असेल तर त्रास वाढायची शक्यता जास्त.

तुलूजवासी

सर्वांचे मनापासून आभार. घरात बोलून असं ठरवलं की कच्चं यकृत एकच, लहान, जेरमधल्या शेतकऱ्याकडून घ्यायचं, आणि ज्यांना ते नको किंवा चालत नाही त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करायचं. दोन शंका: आमचा ओव्हन १२० च्या खाली स्थिर राहत नाही, मग? आणि वेगळं म्हणून कोंबडीच्या कलेजीचं त्याच धाटणीचं काही होतं का?

बल्लव

ओव्हन सोडून द्या. मसाला लावलेलं यकृत प्लास्टिक फिल्मवर ठेवून ५-६ सेंटिमीटर जाडीचा घट्ट रोल करा, दोन्ही टोकं पिळून बांधा, फिल्मचे तीन वेढे द्या. फिल्म उष्णता सोसणारीच घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी ७० अंशांवर आणा, गॅस अगदी मंद, रोल पाण्यात बुडवून २० मिनिटं. पाणी पातेल्यात जितकं जास्त तितकं तापमान स्थिर राहतं, म्हणून लहान भांडं नको. काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, नाहीतर आतली उष्णता पुढे शिजवत राहते. गार झाल्यावर फिल्म बदलून पुन्हा घट्ट पिळा आणि दोन दिवस फ्रीज. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक कापाला.

अन्नपूर्णा_पुणे

कलेजीचं पारफे (लोणी घालून घोटलेलं, मऊ) होतं आणि पुण्यात परत गेल्यावरही करता येईल. साफ केलेली कोंबडीची कलेजी ४०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ३०० ग्रॅम, अंडी ४. दोन छोटे कांदे बारीक चिरून १५० मिली पोर्ट किंवा ब्रँडीत जवळजवळ कोरडे होईपर्यंत आटवा. मीठ १० ग्रॅम, मिरी, चिमूटभर जायफळ. कलेजी घेताना हिरवट भाग आणि मधला पांढरा धागा काढून टाका.

यात मुख्य गोष्ट तापमानाची आहे. कलेजी, अंडी आणि पातळ केलेलं लोणी तिन्ही साधारण ४० अंशांना आणून मगच मिक्सरमध्ये एकत्र करा, लोणी बारीक धारेने. थंड कलेजीत गरम लोणी ओतलं की ते फुटतं आणि शिजल्यावर वर तुपाचा थर, खाली चोथा अशी गत होते. बारीक गाळणीतून गाळा, भांड्यात ओता, झाकण लावा आणि गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून शिजवा. तुमचा १२० चा ओव्हन इथे अगदी योग्य आहे. मध्यभागी ७० अंश आलेच पाहिजेत. कोंबडीच्या कलेजीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू असू शकतो, त्यामुळे इथे गुलाबी, अर्धकच्चं ठेवायचं नाही. गार झाल्यावर वर पातळ लोण्याचा पाव सेंटिमीटरचा थर द्या, नाहीतर एका रात्रीत वरचा भाग काळपट पडतो. ४ अंशांच्या खाली चार-पाच दिवस टिकतं, थर मोडल्यावर दोन दिवसांत संपवा. मीनलताईंनी सांगितलेलं इथेही लागू आहे: ही कलेजीच आहे, तेव्हा गर्भवती पाहुणीसाठी आणि गाऊटवाल्या आजोबांसाठी हेही नको. त्या दोघांना मशरूमचं पाते करा. ५०० ग्रॅम मशरूम बारीक चिरून पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, १०० ग्रॅम भाजलेले अक्रोड आणि ८० ग्रॅम लोणी घालून वाटा.